लॉगिन सुरक्षित हवंच, पण ते माणसाला एकट्याने करता आलं पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा: अंधेरीतली एक छोटी कंपनी एका नागरी सहकारी बँकेचं मोबाइल ॲप आणि नेटबँकिंग बनवते आहे. तिथल्या डेव्हलपरने विचारलंय की लॉगिनला युजर आयडी, पासवर्ड, कॅप्चा (चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून भरायची परीक्षा) आणि वर ओटीपी असा सगळा थाट आहे. एका दृष्टिहीन खातेदाराने लेखी तक्रार केली की आत शिरताच येत नाही. सिक्युरिटी ऑडिटर म्हणतो कॅप्चा काढायचा नाही, पासवर्ड पेस्ट करू द्यायचा नाही, आणि फोनवर ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिस (अपंग माणसाला फोन वापरता यावा म्हणून पडदा वाचणारी, बटणं दाबणारी सोय) चालू असेल तर ॲप उघडूच द्यायचं नाही. आता ऐकायचं कोणाचं?

खातेदाराचं. ऑडिटरची भीती खोटी नाही, पण त्याने सुचवलेले तिन्ही उपाय चोराला जेमतेम अडवतात आणि खातेदाराला पुरते अडवतात.

तक्रार करण्याआधी हा खातेदार व्यवहार कसे करत होता, हे आधी विचारून घ्या. माझ्या अनुभवात उत्तर ठरलेलं असतं. फोन भाच्याच्या हातात. भाचा कामावर असेल तर शेजारी, शेजारी नसेल तर चाळीखालचा रिचार्जवाला. कॅप्चा वाचून दाखवायला म्हणून फोन दिला जातो, पण वेळ संपायच्या आत सगळं एकाच हाताने भरायचं असल्याने पासवर्डही सांगून होतो. मग ओटीपी येतो. त्याच मेसेजमध्ये बँक लिहिते की हा क्रमांक कोणालाही सांगू नका, आणि तो मोठ्याने वाचला जातो. हा धोका तुमच्या ऑडिट रिपोर्टमध्ये कुठेच नसणार. तो लिहून घ्या, ‘गुपित तिसऱ्या व्यक्तीकडे जाते, कारण लॉगिन एकट्याने करता येत नाही’ अशा सरळ शब्दांत, आणि त्याची तीव्रता ऑडिटरलाच ठरवू द्या. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे दयाधर्म समजणारा ऑडिटरसुद्धा या वाक्यापुढे थांबतो, कारण हे त्याच्याच भाषेतलं वाक्य आहे.

कॅप्चाचा निकाल आधी लावू. वाकडीतिकडी अक्षरं ओळखणं आता यंत्राला सोपं जातं, आणि जिथे यंत्र अडतं तिथे पैसे घेऊन कॅप्चा सोडवून देणारी माणसं बसलेली आहेत. ‘सात अधिक चार किती’ हा प्रकार तर प्रोग्रामला एका ओळीचं काम. अडतो तो डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडेमोडीची अडचण, असलेला माणूस. ऑडिओ कॅप्चा दिला की झालं, असं अनेकांना वाटतं. पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) आणि कॅप्चा एकाच वेळी एकाच कानात बोलू लागतात, आणि ऐकणारा दादरच्या पुलावर गर्दीत उभा असतो. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, जे ब्रेल डिस्प्लेवर वाचतात, त्यांच्यासाठी चित्रही नाही आणि आवाजही नाही.

इथे नियमातली एक खोच माहीत असू द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, ३.३.८ हा निकष आहे, ‘ए-ए’ म्हणजे मधल्या पातळीचा. लॉगिनच्या कोणत्याही टप्प्यावर आठवण्याची, कोडं सोडवण्याची किंवा एकीकडचं दुसरीकडे उतरवून काढण्याची परीक्षा घ्यायची नाही. घेतलीच तर दुसरी वाट द्या किंवा मदतीचं साधन चालू द्या, असं तो सांगतो. पण चित्रातल्या वस्तू ओळखायला लावणं त्याने अपवाद म्हणून सोडलंय. म्हणून ‘सिग्नल असलेले चौकोन निवडा’ हा कॅप्चा या निकषावर पास होतो, आणि अंध माणूस मात्र त्यापुढे बसूनच राहतो. एखादा विक्रेता ‘आमचा कॅप्चा २.२ ला धरून आहे’ म्हणाला, तर तो बहुधा याच अपवादाच्या आडून बोलतोय.

कॅप्चाच्या जागी काय? बँकेच्या लॉगिनमध्ये समोरचा माणूस आहे की रोबो, हा मूळ प्रश्नच नाही. कोणी पासवर्ड धडाधड आजमावून पाहतंय का, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सर्व्हरवर मिळतं. खात्यागणिक आणि डिव्हाइसगणिक प्रयत्नांवर मर्यादा घाला, चुकीच्या प्रयत्नानंतर थांबण्याचा वेळ वाढवत न्या, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी नवा पासवर्ड ताडून पाहा, ओळखीच्या डिव्हाइसवरून आलेल्याला कमी अडवा. तीन चुकांनंतर खातं बंद आणि शाखेत येऊन अर्ज द्या, ही पद्धत मात्र सोडा. हात थरथरणाऱ्या माणसाच्या तीन चुका एका मिनिटात होतात. शिवाय या नियमाने कुठलाही टवाळ नुसता युजर आयडी टाकून दुसऱ्याचं खातं बंद पाडू शकतो.

पेस्टबंदीवर फार वेळ घालवायला नको. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेची ८००-६३बी ही मार्गदर्शिका २०१७ पासून सांगते की पासवर्ड पेस्ट करू द्यावा, उगाच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नये, आणि ‘एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह’ असल्या अटी घालू नयेत. आपल्याकडचे ऑडिटर एरवी ‘निस्ट’चं नाव सारखं घेतात, तेव्हा हा उतारा त्यांच्यापुढे ठेवायला संकोच कशाला? पेस्ट बंद केली की पासवर्ड मॅनेजर बाद होतो. मग पक्षाघातानंतर शब्द विसरणारा माणूस, डिस्लेक्सिया असलेली मुलगी, एका बोटाने टाइप करणारा, हे सगळे स्वतःचं नाव आणि जन्मसाल जोडून पासवर्ड करतात. युजर आयडी आणि पासवर्डच्या रकान्यांना ऑटोकम्प्लीटची (रकाना आपोआप भरून देणाऱ्या सोयीची) योग्य नावं द्या, पासवर्ड दाखवण्याचं बटण ठेवा, त्या बटणाला लेबल द्या. लेबल नसलं तर स्क्रीन रीडर त्याला नुसतं ‘बटण’ म्हणतो आणि कोणीही ते दाबायला धजत नाही.

आकड्यांच्या जागा दर वेळी बदलणारा कीपॅड असेल तर तोही काढा. दाबलेली बटणं चोरून टिपणाऱ्या की-लॉगरला चकवण्यासाठी तो आला. पण स्क्रीन रीडर वापरणाऱ्यासाठी दोनच शक्यता उरतात: बटणांना लेबलं नाहीत म्हणून काहीच ऐकू येत नाही, किंवा लेबलं आहेत म्हणून बोटाखालचा प्रत्येक आकडा फोन बोलून दाखवतो. इअरफोन नसेल तर पिन शेजारच्या सीटपर्यंत. फोनचा स्वतःचा अंकांचा कीबोर्ड वापरा. इअरफोन असेल तरच पासवर्डची अक्षरं बोलायची, असं स्क्रीन रीडरच्या सेटिंगमध्ये ठेवता येतं.

आता ओटीपी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात आणि टीमला ते दिसत नाही.

टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, चालू करून सहा कप्प्यांचा ओटीपी भरून पाहा. स्क्रीन उघडली की पहिल्या कप्प्यावर ‘एडिट बॉक्स’ एवढंच ऐकू येतं. किती आकडे हवेत, हा कितवा कप्पा, काही नाही. तेवढ्यात मेसेज येतो. नोटिफिकेशन वाचायला वरून खाली सरकवावं, तर तिथे बँकेचं नाव, ‘प्रिय ग्राहक’, व्यवहाराचं वर्णन आणि मग कुठेतरी आकडा. तोही फोन ‘चार लाख ब्याऐंशी हजार नऊशे सतरा’ असा वाचतो. माणूस मनातल्या मनात त्याचे सुटे आकडे करतो, ॲपमध्ये परत येतो, पहिला आकडा टाकतो. फोकस आपोआप दुसऱ्या कप्प्यात उडी मारतो आणि ‘एडिट बॉक्स’ ही घोषणा पुन्हा होते. त्या गोंधळात पहिला आकडा गेला की नाही ते कळत नाही. म्हणून मागे जावं, तर मागे गेल्यावर आहे तो आकडा पुसला जातो. इतक्यात साठ सेकंद संपतात. ‘वेळ संपली’ हे लाल अक्षरांत उमटतं आणि ऐकू काहीच येत नाही, कारण तो संदेश स्क्रीन रीडरला कळवलेलाच नसतो. अशा वेळी चाचणीला बसलेली माणसं चिडत नाहीत, हेच मला जास्त लागतं. त्यांना याची सवय झालेली असते.

उपाय एवढे साधे आहेत की लाज वाटावी. सहा कप्प्यांऐवजी एकच रकाना ठेवा. कप्प्यांचा देखावा हवाच असेल तर तो नुसत्या चित्रात काढा. रकान्याला ‘सहा अंकी ओटीपी’ असं लेबल द्या. वेबवर ऑटोकम्प्लीटला ‘वन-टाइम-कोड’ द्या, अँड्रॉइडवर एसएमएस रिट्रीव्हर वापरा, म्हणजे आकडा आपोआप येऊन बसतो आणि माणसाला फक्त ‘पुढे’ म्हणायचं उरतं. मेसेजमध्ये आकडा सगळ्यात आधी येऊ द्या: ‘४८२९१७ हा तुमचा लॉगिन ओटीपी आहे.’ यासाठी डीएलटीवर, म्हणजे कंपन्यांच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवण्याच्या यंत्रणेवर, टेम्पलेट पुन्हा मंजूर करून घ्यावं लागेल. ते कंटाळवाणं काम आहे, म्हणून आजच सुरू करा. कोड लिहून होतो आणि टेम्पलेट लटकतं, असं नेहमी होतं. आकड्यांमध्ये मोकळ्या जागा सोडून ते सुटे वाचले जातील अशी शक्कल कोणी सुचवली, तर नको म्हणा. ऑटोफिल तिथेच तुटतं.

वेळेबद्दल ऑडिटर अडेल. त्याला हिशोब दाखवा. सहा अंकी आकड्याच्या दहा लाख शक्यता असतात. पाच प्रयत्नांत बंद केलं तर आंधळेपणाने अंदाज बरोबर येण्याची शक्यता दोन लाखांत एक, मग ओटीपी एक मिनिट चालो की पाच. ‘निस्ट’ अशा कोडला दहा मिनिटांपर्यंत मुभा देते. ज्याने फसवून ओटीपी काढून घेतला तो तर वीस सेकंदांत वापरून मोकळा होतो, त्याच्यापुढे साठ सेकंदांची मर्यादा काय कामाची? आणि बोगद्यात रेंज गेली की मेसेज बाहेर पडल्यावर येतो, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला सांगायला नको. निष्क्रिय राहिल्यावर लॉगआउट करणं ठीकच आहे, पण आधी सूचना द्या आणि वेळ वाढवून मागायला निदान वीस सेकंद मिळू द्या. ओटीपी फक्त आवाजी कॉलवर पाठवण्याचा पर्याय बधिर खातेदाराच्या कामाचा नाही. तो जास्तीचा म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको.

ऑडिटरची तिसरी अट, म्हणजे ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिस चालू असेल तर ॲप बंद, ही मात्र हसण्यावारी नेऊ नका. अँड्रॉइडवरचे बँकिंग ट्रोजन, म्हणजे साधं ॲप असल्याचं भासवून खातं लुटणारे प्रोग्राम, खरोखरच याच दाराने येतात. एपीकेची (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकण्याच्या फाइलची) लिंक व्हॉट्सॲपवर येते, ते ॲप ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं, ती मिळाली की पडद्यावरचं वाचतं आणि बटणंही दाबतं. पण टॉकबॅक, स्विच ॲक्सेस (एक-दोन बटणांनी फोन चालवणं), व्हॉइस ॲक्सेस (आवाजाने चालवणं) हेही याच परवानगीवर चालतात. सरसकट बंदी म्हणजे दिसत नसलेल्या खातेदाराला सांगणं, की कान झाकून या. त्यावर काही ॲप ‘कृपया ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिस बंद करा’ अशी पाटी दाखवतात. ती पाटी वाचायला जी सर्व्हिस लागते, तीच बंद करा असं तिच्यात लिहिलेलं असतं!

यावर अँड्रॉइडनेच तोडगा दिलाय. अँड्रॉइड १४ पासून एखाद्या घटकाला ‘ॲक्सेसिबिलिटी डेटा सेन्सिटिव्ह’ अशी खूण करता येते. तशी खूण केली की, आपण अपंगत्व असलेल्यांसाठीचं साधन आहोत असं ज्या सर्व्हिसने घोषित केलंय, तिलाच तो घटक दिसतो. बाकीच्यांना दिसत नाही. पासवर्ड, पिन, ओटीपी, पैसे पाठवण्याचं शेवटचं बटण, एवढ्यांना ही खूण करा. घोषणा खोटीही करता येते, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. जुन्या फोनवर कोणत्या सर्व्हिस चालू आहेत ते पाहा, फोनसोबत आलेल्या आणि प्ले स्टोअरवरून घेतलेल्या सर्व्हिस चालू द्या, आणि बाहेरून टाकलेली एखादी दिसली तर तिचं नाव घेऊन विचारा: ‘ही सर्व्हिस तुम्हीच चालू केली आहे का?’ काही दृष्टिहीन लोक टॉकबॅकऐवजी प्ले स्टोअरबाहेरचे स्क्रीन रीडर वापरतात, त्यामुळे तिथेही दार बंद न करता रकमेची मर्यादा कमी ठेवणं जास्त शहाणपणाचं. स्क्रीनशॉट रोखणारा फ्लॅग खुशाल ठेवा, त्याने टॉकबॅकला अडचण येत नाही. दूरवरून स्क्रीन शेअर होत असेल तर ॲप थांबवा; आजच्या फसवणुकीत तो धोका खरा आहे.

एवढं सगळं केल्यावरही मी म्हणेन की पासवर्ड आणि ओटीपीची ही डागडुजी तात्पुरती धरा आणि पासकीकडे वळा. पासकी म्हणजे फोनमध्ये राहणारी किल्ली. ती तुमच्या बँकेच्या डोमेनशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर ती चालतच नाही. पत्त्यातलं एक अक्षर बदललेलं डोळस माणसालाही दिसत नाही, स्क्रीन रीडरवर तर ते ऐकून कळणं त्याहून कठीण. इथे ती पारख माणसावर राहत नाही. आठवायचं काही नाही, उतरवायचं काही नाही, वेळेशी शर्यत नाही. रोज फोन जसा उघडता तसं उघडायचं. नियमाचीही आता आडकाठी नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले प्रमाणीकरणाचे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. डिजिटल पेमेंटला दोन घटक हवेत, त्यातला निदान एक त्या व्यवहारापुरता नवा तयार झालेला हवा. पण तो एसएमएस ओटीपीच असला पाहिजे असं त्यात नाही. ‘आरबीआयला ओटीपी लागतो’ हे वाक्य अजून बैठकांत फिरतंय, ते तिथेच थांबवा.

पासकी म्हणजे बोटाचा ठसा, असा समज टीमलाही असतो. तसं नाही. फोनचा पिन किंवा पॅटर्नही चालतो, आणि ती वाट उघडी ठेवणं फार महत्त्वाचं आहे. गवंडीकाम करणाऱ्याची, कुष्ठरोग होऊन गेलेल्याची, कित्येक म्हाताऱ्या माणसांची बोटं सेन्सरला वाचता येत नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेल्याचा आवाज व्हॉइस ओळखीत बसत नाही. चेहऱ्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार हा निकाल बँकेच्या वकिलाला वाचायला द्या. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना केवायसीच्या कॅमेऱ्यासमोर ‘डोळे मिचकावा’ म्हटलं जात होतं. डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं, आणि केवायसी सर्वांना करता यावं म्हणून २० निर्देश दिले. पापणी मिटण्याशिवाय दुसरी पद्धत ठेवा हा त्यातलाच. निकाल केवायसीचा आहे, पण तुमच्या लॉगिनमध्ये चेहरा हा एकच रस्ता असेल तर तोच मुद्दा तुम्हालाही लागतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि आयएस १७८०२ हे डिजिटल ॲक्सेसिबिलिटीचं भारतीय मानक आहेतच, पण वकील जागा होतो तो निकालाने.

फोन हरवल्यावर काय, हा पासकीवरचा खरा आक्षेप. खातं परत मिळवण्याचा रस्ता बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात घाईने बांधतात आणि तोच सगळ्यात कच्चा निघतो. ‘तुमच्या पहिल्या शाळेचं नाव’ असले प्रश्न नकोत. विसरणाऱ्याला ते आठवत नाहीत आणि भाच्याला ते पाठ असतात. दोन डिव्हाइसवर पासकी नोंदवायला पहिल्याच दिवशी सुचवा, आणि शेवटचा मार्ग म्हणून शाखा ठेवा, पण तिथे सही जुळत नाही म्हणून परत पाठवू नका, अंगठा घ्या.

ज्यांना मदत लागतेच, त्यांचं काय? बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची आई, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली नेमलेली पालक, अशी माणसं मुलाचाच पासवर्ड वापरतात, कारण त्यांना दुसरं दारच ठेवलेलं नसतं. त्यांना त्यांचं स्वतःचं लॉगिन द्या: फक्त शिल्लक पाहण्याचं, किंवा ठरावीक रकमेपर्यंतचं, आणि कोणी काय केलं याची नोंद राहील असं. ही मागणी बँकेकडून आपणहून येणार नाही, तुम्हीच मांडा.

चाचणी तुमच्या तुम्ही टॉकबॅक लावून केली तर ढोबळ चुका सापडतील, पण डोळे उघडे असलेला माणूस पडद्याकडे बघतोच. वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे, सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांचं संसाधन केंद्र आहे, वांद्र्याला ऐकू न येणाऱ्यांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. अशा ठिकाणी विचारलंत तर रोज फोन वापरणारी माणसं भेटतील. खाणाखुणांची भाषा हीच ज्यांची पहिली भाषा आहे, त्यांच्याकडून ॲपमधली मराठी वाक्यं वाचून घ्या. ‘आपले सत्र कालबाह्य झाले आहे’ याऐवजी ‘वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा’ एवढंच का नको, हे तेच तुम्हाला विचारतील. नेहमीच्या लॉगिनसोबत पासवर्ड विसरल्यानंतरचा रस्ता आणि नवा फोन घेतल्यानंतरचा रस्ताही करून घ्या. टेस्ट खाती द्या, कोणाचंही खरं खातं वापरायला लावू नका. मानधन द्या, टॅक्सीचे पैसे वेगळे, आणि वेळ दुपारची ठेवा. सकाळच्या गर्दीत पांढरी काठी घेऊन अंधेरीला उतरायला लावू नका.